टच सुटला की तोडला? इंग्रजीतली मैत्री आणि दुरावा समजून घेताना

हिंजवडीला, बेंगळुरूला किंवा थेट दुबईला नोकरीला गेलेल्या सोलापूरच्या पोरांचं इंग्रजी आता बऱ्यापैकी असतं. ईमेल लिहिता येतो, मुलाखत निभावता येते. अडतं ते चहाच्या वेळी. शेजारी बसणारा सहकारी जुन्या मित्राविषयी बोलता बोलता 'वी काइंड ऑफ ड्रिफ्टेड अपार्ट' म्हणतो आणि आपण चटकन विचारतो, 'का, भांडण झालं?' तो गोंधळतो, कारण भांडणाचं त्याने नावही काढलेलं नसतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची निर्यात सांभाळणाऱ्या ऑफिसातही हीच गत. परदेशातला खरेदीदार 'जस्ट टचिंग बेस' एवढंच लिहितो, आणि इथे कुणाला कळत नाही की हा राम राम आहे की तगादा.

शब्द सगळे ओळखीचे असतात. टच, सर्कल, लूप, ब्रिज. एकत्र आले की मात्र हुलकावणी देतात. वाक्प्रचारांची ए टू झेड पुस्तकं पाठ करून यात फारसा फरक पडत नाही, कारण अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या यादीत 'बरी द हॅचेट' आणि 'बर्न ब्रिजेस' शेजारी येतात, आणि त्यातला एक समेटाचा, दुसरा सत्यानाशाचा. म्हणून वेगळा क्रम देतो. त्या क्रमाने गेलात तर पाठांतर कमी लागेल.

पायरी १: संबंध कुणामुळे संपला ते आधी ओळखा

मागावरचा धागा दोन तऱ्हांनी जातो: आपोआप सुटतो किंवा कुणीतरी तोडतो. इंग्रजीतले दुराव्याचे जवळजवळ सगळे वाक्प्रचार या दोन ढिगांत विभागता येतात. नवा वाक्प्रचार कानावर पडला की अर्थ शोधण्याआधी एवढंच विचारा, की यात कुणाला दोष दिलाय का?

दोष कुणालाच नसलेल्या ढिगात सगळ्यात वरचा 'लूज टच'. 'वी लॉस्ट टच आफ्टर कॉलेज', म्हणजे कॉलेजनंतर संपर्क राहिला नाही. बस्स. वालचंदला चार वर्षं एका बाकावर बसलेले चौघे. एक पुण्याला गेला, एक विजापूर रोडला वडिलांच्या दुकानात बसला, एकीचं लग्न होऊन ती लातूरला गेली, चौथ्याने नंबर बदलला. कुणी कुणाचं वाईट केलं नाही. मराठीत आपण याला 'पांगलो' म्हणतो. गिरण्या बंद पडल्यावर चाळीतली माणसं अशीच पांगली, त्यात कुणाचा कुणावर राग नव्हता.

'ड्रिफ्ट अपार्ट' त्याच्या पुढचं. ड्रिफ्ट म्हणजे वल्ही न मारता नाव प्रवाहाबरोबर सरकत जाणं. इथे फोन नंबर दोघांकडे असतो, दिवाळीला मेसेजही जातो, पण बोलण्यासारखं उरत नाही. म्हणजे 'लॉस्ट टच'मध्ये संपर्क गेला, 'ड्रिफ्टेड अपार्ट'मध्ये जवळीक गेली. संपर्क असूनही माणसं ड्रिफ्ट होऊ शकतात, हे लक्षात ठेवा. 'ग्रो अपार्ट' आणखी आतलं आहे. माणसं बदलली, आवडीनिवडी बदलल्या, आणि त्या बदलांनी अंतर पाडलं. नवरा-बायकोच्या विभक्त होण्याबद्दलही हा शब्द वापरतात, म्हणून ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याविषयी 'वी ग्रू अपार्ट' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल की जरा जास्तच जवळीक होती. तिथे साधं 'लॉस्ट टच' चालेल.

एक खड्डा इथेच आहे. 'आउट ऑफ टच'चे दोन अर्थ होतात. 'आय हॅव बीन आउट ऑफ टच', म्हणजे माझा संपर्क नव्हता, आणि यात थोडी माफीही आली. पण एखाद्या पुढाऱ्याबद्दल नुसतं 'ही इज आउट ऑफ टच' म्हटलं तर तो टोमणा आहे: याला जमिनीवर काय चाललंय ते ठाऊक नाही. पहिल्या अर्थी बोलायचं तर पुढे 'विथ' आणि माणूस जोडा, गोंधळ टळेल.

आता दुसरा ढीग. भांडण झालं असेल तर 'फॉल आउट'. 'दे फेल आउट ओव्हर मनी', पैशावरून बिनसलं. हेच नाम म्हणून आलं की 'फॉलिंग आउट'. (केस गळण्यालाही इंग्रजीत फॉल आउटच म्हणतात, पण ते संदर्भावरून कळतं.) भांडणानंतरची अवस्था म्हणजे 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स'. हा मात्र आपल्याकडे तंतोतंत आहे: बोलणं बंद आहे. दोन घरांचं जाणं-येणंच थांबलं असेल तर 'कट टाइज'. त्यात निर्णय आहे, कुणीतरी ठरवून दोर कापलाय.

दोरावरून 'बर्न ब्रिजेस' आठवतं. पूल जाळून टाकला की परत फिरायला वाट नाही. सिंहगडाच्या गोष्टीत तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले, आणि तेव्हापासून 'परतीचे दोर कापणे' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पराक्रम येतो. इंग्रजीत तसं बहुतेक वेळा नाही. तिथे 'डोन्ट बर्न युवर ब्रिजेस' ही वडीलधाऱ्यांची समज असते: नोकरी सोडताना साहेबाला चार शब्द सुनावून जाऊ नकोस, पुढच्या कंपनीत तोच समोर बसलेला असेल. म्हणून मुलाखतीत जुन्या नोकरीविषयी 'आय बर्न्ट माय ब्रिजेस' असं अभिमानाने सांगू नका. समोरचा मनात फुली मारेल.

'पार्ट वेज' मधल्या जागी बसतं. वरून सभ्य, कुणाला दोष नाही. पण बातम्यांत 'द क्लब अँड द कोच हॅव पार्टेड वेज' असं आलं की बहुधा कोचला नारळ दिलेला असतो. संस्थांच्या तोंडी आलेल्या सभ्य शब्दांकडे जरा तिरक्या नजरेनेच बघावं.

पायरी २: गप्प राहून तोडणारे शब्द वेगळे काढा

तोडण्याच्या ढिगात एक खास उपप्रकार आहे: भांडायचं नाही, फक्त उत्तर द्यायचं बंद करायचं. इंग्रजीत यासाठी शब्दांची चंगळ आहे, आणि त्यांच्या मागे गोष्टीही आहेत.

सगळ्यात ताजा 'घोस्टिंग'. मेसेजला उत्तर नाही, फोन उचलायचा नाही, माणूस भुतासारखा गायब. आधी तो प्रेमप्रकरणांपुरता होता, 2017 मध्ये मेरियम-वेबस्टर शब्दकोशात त्याची नोंद झाली, आणि आता नोकरीच्या बाजारातही सर्रास चालतो. चार मुलाखती घेऊन पुढे काहीच न कळवणारी कंपनी उमेदवाराला 'घोस्ट' करते. ऑफर लेटर घेऊन रुजू व्हायच्या दिवशी न उगवणारा उमेदवार कंपनीला.

'कोल्ड शोल्डर' जुना. माणूस समोर आहे, पण तुसडेपणाने वागतो, नीट बघतसुद्धा नाही. नावडत्या पाहुण्याला मटणाचा गार खांदा वाढायचे, त्यावरून हा शब्द आला, अशी गोष्ट फार सांगितली जाते. ती रंगतदार आहे, पण विश्वास ठेवण्यासारखी नाही. 1816 च्या सुमारास सर वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनात हा प्रयोग दिसतो, आणि तिथे पाठ फिरवणं, खांदा वळवणं एवढाच भाव आहे. जेवणाचा संबंध मागाहून कुणीतरी चिकटवला.

'सेंड टू कोव्हेंट्री' हा ब्रिटिशांचा. कोव्हेंट्री हे इंग्लंडमधलं खरंखुरं शहर. एखाद्याला तिथे 'पाठवलं' म्हणजे त्याच्याशी सगळ्यांनी मिळून अबोला धरला. तरुण इंग्रजांच्या तोंडी तो आता कमीच. ऐकून कळला तरी पुरे, वापरायच्या भानगडीत पडू नका.

आणि 'बॉयकॉट'. क्रिकेटवाला जेफ्री नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. आयर्लंडच्या मेयो परगण्यात तो एका जमीनदाराचा कारभारी होता. 1880 मध्ये कुळांनी खंड कमी करून मागितला, याने उलट त्यांनाच जमिनीवरून हुसकावायला घेतलं. मग गावाने ठरवलं: याच्या शेतात राबायचं नाही, दुकानात याला माल द्यायचा नाही, याच्याशी बोलायचं नाही. पीक काढायला बाहेरून मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य उभं करावं लागलं. पिकाच्या किमतीपेक्षा बंदोबस्ताचा खर्च कितीतरी जास्त झाला. वर्ष संपायच्या आत त्या माणसाचं आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसलं होतं.

आपल्याकडे याला 'वाळीत टाकणं' म्हणतात, पण दोन्हींचं वजन सारखं नाही, आणि इथे भाषांतर करताना हात राखून करा. वाळीत टाकण्यामागे जातपंचायतींचा सगळा इतिहास उभा आहे: लग्नं अडली, मयताला खांदा द्यायला माणूस आला नाही. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो उगीच नाही. ऑफिसातल्या दोघी-तिघी तुम्हाला डब्याला बोलवत नसतील तर मराठीत 'मला वाळीत टाकलंय' असं गमतीने म्हणून जातो, इंग्रजीत मात्र त्याला 'सोशली बॉयकॉटेड' म्हणू नका. 'दे आर गिव्हिंग मी द कोल्ड शोल्डर' किंवा सरळ 'दे लीव्ह मी आउट' म्हणा.

पायरी ३: सर्कलचा नकाशा मांडा

दुरावा कळायचा तर आधी जवळीक कुठल्या पट्ट्यातली होती ते कळायला हवं. सोलापूरकरांना हे शिकवावं लागत नाही खरं तर. घरात तेलुगू, बाजारात कन्नड, कट्ट्यावर दखनी आणि शाळेत मराठी असं ज्यांचं बालपण गेलं, त्यांना माणूस बदलला की बोलणं बदलतं हे अंगवळणी पडलेलं असतं. इंग्रजीतही तेवढंच करायचं आहे.

सगळ्यात बाहेर 'नॉडिंग अक्वेंटन्स'. सकाळी पार्क चौकात रोज दिसतो, मान हलवतो, नाव माहीत नाही. आपली तोंडओळख. आपण अशालाही 'माझा मित्र आहे' म्हणून मोकळे होतो, आणि इंग्रजीत त्याचं 'माय फ्रेंड' करतो. ऐकणारा मग त्याच्याबद्दल बारीकसारीक विचारायला लागतो आणि आपली पंचाईत होते. 'समवन आय नो' म्हणा, पुरतं.

त्याच्या आत 'वी मूव्ह इन द सेम सर्कल्स'. मराठीतली 'उठबस' याच्या जवळ जाते. एकाच लग्नांना, एकाच कार्यक्रमांना भेटतो, घरोबा असेलच असं नाही. सगळ्यात आत 'इनर सर्कल'. हा शब्द नेत्यांच्या किंवा साहेबांच्या भोवतीच्या मोजक्या माणसांसाठी जास्त चालतो. स्वतःच्या दोस्तांना 'माय इनर सर्कल' म्हणणं जरा फुगीर वाटतं, 'क्लोज फ्रेंड्स' बरं.

लंगोटीयाराची ओळख करून देताना 'वी गो वे बॅक' म्हणावं. फार जुनी ओळख आहे, एवढा अर्थ तीन-चार शब्दांत येतो आणि ऐकायलाही झकास लागतं. 'थिक ॲज थीव्ज' ऐकून चिडू नका. कुणी तुम्हाला चोर म्हणत नाहीये, दोघांचं गूळपीठ आहे एवढंच सांगतोय. थोडा मिश्कील संशय त्यात असतो, की हे दोघे मिळून काहीतरी शिजवतायत. 'बर्ड्स ऑफ अ फेदर'चं तसं नाही. तिथे बहुधा 'एकाच माळेचे मणी'वाला तिरकस सूर असतो, म्हणून साहेब आणि त्यांच्या मित्राविषयी कौतुकाने तो वापरायला जाल तर फसाल. 'क्लीक' (clique, बटण दाबायचा क्लिक नव्हे) हाही कौतुकाचा शब्द नाही. दुसऱ्यांना आत न घेणारी टोळकी, असा तो.

सगळ्यात फसवा 'रब शोल्डर्स'. 'खांद्याला खांदा लावून' हे आपल्या भाषणांतलं लाडकं वाक्य. शेतकरी-कामगार खांद्याला खांदा लावून लढले वगैरे. त्याच सवयीने लोक 'आय रब्ड शोल्डर्स विथ माय टीम' लिहितात. 'रब शोल्डर्स'चा अर्थ वेगळाच आहे: आपल्यापेक्षा वरच्या, नामांकित लोकांत मिसळायला मिळणं. मंत्र्यांच्या जेवणावळीत गेलात तर तिथे तुम्ही रब शोल्डर्स केलंत. सहकाऱ्यांबरोबर राबलात त्याला 'वर्क्ड शोल्डर टू शोल्डर' म्हणा, किंवा 'वर्क्ड साइड बाय साइड'.

सुखाच्या दिवसांतल्या मित्राला 'फेअर-वेदर फ्रेंड' म्हणतात, हवा चांगली असेपर्यंतचा. 'असतील शिते तर जमतील भुते' हे ज्याने ऐकलंय त्याला याहून समजवायची गरज नाही. 'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड'च्या समोर पुष्कळ पुस्तकं 'दृष्टीआड सृष्टी' छापतात, ते मला पटत नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणजे जे दिसत नाही त्याची फिकीर कशाला. इंग्रजीत तक्रार आहे: नजरेआड गेलो आणि मनातूनही उतरलो.

पायरी ४: ऑफिसातल्या टच आणि लूपमध्ये माया शोधू नका

हेच शब्द ऑफिसात शिरले की त्यांच्यातली भावना गळून जाते आणि फक्त माहितीची देवघेव उरते. 'कीप मी इन द लूप', म्हणजे काय चाललंय ते मला कळवत राहा. 'लूपिंग इन द अकाउंट्स टीम', म्हणजे या ईमेलमध्ये अकाउंट्सवाल्यांनाही घेतलंय. 'आय वॉज आउट ऑफ द लूप', मला कुणी सांगितलंच नव्हतं. या शेवटच्यात थोडा डंख असू शकतो. साहेब तसं म्हणाला तर सबबी सांगत बसू नका, झालेलं सगळं चार ओळींत लिहून पाठवा.

'टच बेस' बेसबॉलमधून आला. त्या खेळात धावणाऱ्याला बेसला पाय लावावा लागतो. ऑफिसात अर्थ एवढाच: दोन मिनिटं बोलून घेऊ. वर सांगितलेल्या खरेदीदाराचा 'जस्ट टचिंग बेस' वरकरणी चौकशी असते. पण माल पाठवायची तारीख जवळ आली असेल किंवा त्याच्या आधीच्या ईमेलला तुम्ही उत्तर दिलं नसेल, तर तो गोड शब्दांतला तगादाच समजा आणि त्याच दिवशी लिहा. 'वी हॅवन्ट हर्ड फ्रॉम यू इन अ व्हाइल' आलं तर पाणी आणखी वर चढलंय.

'सर्कल बॅक'चा मित्रमंडळींशी काडीचा संबंध नाही. 'लेट्स सर्कल बॅक ऑन मंडे', या विषयावर सोमवारी परत येऊ. व्यवहारात बऱ्याचदा अर्थ असा, की आत्ता हा विषय नको. 'फेल ऑफ द रडार' माणसाबद्दल आणि कामाबद्दलही चालतं. दोन्हीत काहीतरी नजरेतून निसटलं.

'कॅच अप'कडे जरा थांबून बघा. अभ्यासात मागे पडलेला बरोबरीला आला की तो 'कॅच अप' करतो. मित्र भेटून मधल्या काळाच्या गप्पा मारतात तेही 'कॅच अप'. 'लेट्स कॅच अप समटाइम' असं कुणी म्हणालं की नवखा माणूस लगेच कॅलेंडर काढतो. काढू नये. लग्नाच्या मांडवात भेटलेले दूरचे मामा 'या की एकदा घरी' म्हणतात, तेव्हा तुम्ही रविवारी पिशवी घेऊन त्यांच्या दारात जाता का? तसंच हे. तारीख सांगितली, जागा सांगितली, तरच ते आमंत्रण. तुम्हाला मनापासून भेटायचं असेल तर दिवस तुम्हीच सुचवा, म्हणजे समोरच्याचा अंदाजही लागतो.

आणि 'डोन्ट बी अ स्ट्रेंजर'. नोकरी सोडून निघताना कुणी असं म्हणालं तर तो निरोपातला गोडवा आहे: येत जा, फोन करत जा.

पायरी ५: तुटलेलं जोडताना आपले टोमणे घरी ठेवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

मराठीत जुना मित्र भेटला की आपण आधी त्याला झोडतो. सोलापुरात तर विचारूच नका. 'काय बे, मेलास का काय? मोठा माणूस झालास, ओळख दाखवत नाहीस. उंबराचं फूल झालाय तू.' जितका टोमणा खोल तितकं प्रेम जास्त, आणि ऐकणाराही हसत शिवी हासडून गळ्यात पडतो. हेच जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं, 'यू हॅव फॉरगॉटन मी, यू हॅव बिकम अ बिग मॅन', की त्यातला हशा वाटेत गळतो आणि मागे आरोप उरतो. वाचणारा घाबरून सफाई द्यायला लागतो, किंवा उत्तरच देत नाही.

इंग्रजीची रीत उलटी: दुराव्याचा थोडा भार स्वतःवर घ्यायचा. 'सॉरी आय हॅवन्ट बीन इन टच', 'आय हॅव बीन मीनिंग टू राइट', 'इट्स बीन एजेस'. चूक खरोखर तुमची होती की नाही हे इथे कुणी मोजत नाही, दार उघडायची ती पद्धत आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी गावी येताय आणि परदेशात वाढलेली, सध्या सुट्टीवर सोलापुरात आलेली जुनी मैत्रीण भेटावी असं वाटतंय, तर मेसेज असा जाऊ शकतो:

'हाय! इट्स बीन एजेस. सॉरी आय हॅव बीन सो आउट ऑफ टच. आय ॲम इन सोलापूर फॉर द गड्डा फेअर टिल सॅटर्डे. वुड लव्ह टू कॅच अप ओव्हर टी. इज फ्रायडे इव्हनिंग ओके?'

बघा यात काय आहे. एकच वाक्य माफीचं, लांबण नाही. का लिहिलं नाही याचा इतिहास नाही. आजारपण, बदली, घराचं बांधकाम हे सगळं भेटीत. शेवटी दिवस आहे, म्हणजे हे 'समटाइम'वालं पोकळ आमंत्रण नाही. आणि 'ओके?' विचारल्यामुळे तिला नाही म्हणायलाही जागा आहे.

'लाँग टाइम नो सी' बोलताना ठीक, समोरासमोर भेटल्यावर. जुन्या साहेबाला किंवा प्राध्यापकांना लिहिताना नको. तिथे 'आय होप यू हॅव बीन वेल' बरं. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे दोन ओळी लिही. आता ईमेल आणि मेसेजलाही चालतं. भेट रंगली तर 'वी पिक्ड अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ' म्हणावं. जिथे थांबलो होतो तिथूनच सुरू झालं, मधली वर्षं जाणवलीच नाहीत. मैत्रीबद्दलचं हे इंग्रजीतलं मला सगळ्यात आवडणारं वाक्य.

'रीकिंडल' आणि 'ओल्ड फ्लेम' मात्र सांभाळून. विझत आलेली आग पुन्हा फुंकणं असं ते चित्र, आणि 'ओल्ड फ्लेम' म्हणजे जुनं प्रेमप्रकरण. शाळेतल्या जुन्या मैत्रिणीची बायकोशी 'माय ओल्ड फ्लेम' अशी ओळख करून दिलीत तर पुढची जबाबदारी तुमची.

भांडण होऊन तुटलं असेल तर शब्द वेगळे. 'मेंड फेन्सेस' म्हणजे कुंपण डागडुजीला घेणं, हळूहळू संबंध सुधारणं. 'बरी द हॅचेट' म्हणजे कुऱ्हाड पुरून टाकणं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमाती तह करताना शस्त्रं जमिनीत पुरत, त्या प्रथेवरून तो आला. यातला पहिला सावकाश चालणारा, दुसरा एका बैठकीत मिटवणारा. आणि मिटल्यावर जुनं कुणी उकरलंच तर 'इट्स ऑल वॉटर अंडर द ब्रिज'. पुलाखालून पाणी गेलं. आपलं 'झालं गेलं गंगेला मिळालं' अगदी याच्या शेजारी बसतं, पाण्यासकट. फक्त एक पथ्य: हे वाक्य ज्याचं नुकसान झालं त्याने म्हणायचं. ज्याने पैसे बुडवले त्याने 'वॉटर अंडर द ब्रिज' म्हटलं तर तो निर्लज्जपणा.

पायरी ६: सराव, आणि काही देशी वळणं

वही घाला. अर्थ लिहू नका, तीन गोष्टी लिहा: दोष कुणाचा, बोलायचा की लिहायचा, आणि आपल्या ओळखीच्या कुठल्या माणसावर तो बसतो. तुमच्या काकांचं आणि शेजाऱ्यांचं गटारीवरून बोलणं बंद असेल तर 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स'च्या पुढे त्यांचं नाव टाका. पुस्तकातल्या जॉन आणि मेरीपेक्षा काका जास्त लक्षात राहतात. (वही घरात उघडी टाकू नका.)

एका मेसेजात एकच वाक्प्रचार. दोन झाले की ते शिकलेलं वाटतं, तीन झाले की विनोदी. आणि नवा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरायचा तर मित्रावर वापरा, साहेबावर नाही.

राहिली ती आपली भारतीय इंग्रजी. जुन्या वर्गाचं स्नेहसंमेलन ठरतं, परदेशातल्या मित्राच्या इंग्रज बायकोलाही ग्रुपवर घेतलेलं असतं, आणि कुणीतरी लिहितं, 'वी ऑल पास्ड आउट टुगेदर इन 2009'. आपल्याला कळतं की सगळे एकाच वर्षी पदवीधर झाले. तिला वाटतं, सगळे एकदम बेशुद्ध पडले. इंग्लंड-अमेरिकेत 'पास आउट'चा रोजचा अर्थ तोच आहे, तेव्हा तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'बॅचमेट' बाहेरच्या पुष्कळांना कळत नाही, 'क्लासमेट' कळतं. 'आउट ऑफ स्टेशन' ऐकून परका माणूस रेल्वे स्टेशनच्या बाहेर तुम्हाला शोधेल, त्याला 'आउट ऑफ टाउन' सांगा. 'कझिन ब्रदर'मधला ब्रदर काढून टाका. आपल्या आपल्यात मात्र हे सगळं खुशाल चालू द्या. सात रस्त्यावर कुणाला 'आय ग्रॅज्युएटेड' सांगायला गेलात तर तो विचारेल, 'म्हंजे पास आउट झालास न्हवं?'